बावखलाच्या पाण्यातलं बी

दुपारी दीड वाजता कृतिकाने तिसरी वाटी खिडकीच्या उजेडात ओढली आणि वाकून बघितलं.

पहिल्या वाटीत बावखलाचं पाणी होतं. दुसरीत मेलेल्या वेलीच्या बुडाची माती कालवलेली. दोन्हींत तिने तीन दिवसांपूर्वी विड्याच्या पानाच्या चकत्या तरंगत सोडल्या होत्या, माशाला गळ टाकावा तशा. पाण्यात वेल मारणारी बुरशी असेल तर पानाला येऊन डसेल, डाग पाडेल. डाग पडलेही होते. पण तिसऱ्या वाटीत उकळून गार केलेलं पाणी होतं आणि ती वाटी कोरी राहायला हवी होती. ती कोरी राहिली तरच पहिल्या दोघींच्या साक्षीला किंमत. आता तिच्याही हिरव्यागार चकतीच्या कडेला, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा, काळपट डाग पसरला होता.

"गेलं," ती म्हणाली. "तीन दिवसांचं सगळं मुसळ केरात."

उंबऱ्यात बसून पानांची चवड लावणाऱ्या सावित्रीने मान वर केली. "काय गेलं गं?"

"काही नाही, आई. अडीच तास राहिले."

चार वाजता पंप सुरू होणार होता. अर्नाळ्याच्या रस्त्याला लागून त्यांच्या सात वाड्या आणि सातांच्या मधोमध एक बावखल, गोड्या पाण्याचं जुनं तळं. समुद्र इतका जवळ की वारा फिरला की सुक्या बोंबलांचा वास अंगणात येतो. तरी बावखल गोडं राहिलं, म्हणून पानवेल राहिली, म्हणून माणसं राहिली. पावसाळाभर पंप बंद असे. पाऊस सरला की एक रविवार धरून सगळी बावखलावर जमत, नारळ वाढवत आणि कृतिकाचे थोरले काका जगन्नाथ कळ दाबत. पाणी पाटापाटाने सातही वाड्यांत खेळे. वर्षाची पहिली पाळी.

यंदा पावसाने दसऱ्याआधीच पाठ फिरवली होती. नव्या लावणीचे कोवळे वेल माना टाकत होते. आणि सावित्रीच्या वाडीत भलतंच सुरू झालं होतं. रात्री तजेलदार दिसलेला वेल सकाळी पिवळा. बुडाला बोट लावलं की साल निघून हातात आणि नाकाला कुजका दर्प. नऊ दिवसांत बेचाळीस वेल. नवरा गेल्यापासून सावित्रीने ते तीनशे वेल लेकरांसारखे पांगाऱ्याच्या खांद्यावर चढवले होते.

"ऑक्टोबरचा ताव आहे," काका म्हणाले होते. "पाणी पाजलं की उठतील."

"काका, बुडकुज वाटते मला. पाण्यातून पसरते ती. ही बुरशी बावखलात असेल आणि आपण पंप लावला, तर एका संध्याकाळीत सातही वाड्यांच्या मुळाशी जाऊन बसेल."

काकांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं होतं. कृतिका सातिवलीच्या एका मसाल्याच्या कारखान्यात, तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. "बाय माझी, तू पापडामसाल्यावरची बुरशी बघणारी. वेलीचं दुखणं वेल लावणाऱ्याला कळतं." मग तिचा चेहरा बघून जरा नरमले. "रविवारी चार वाजेपर्यंत मला दाखव. या डोळ्यांनी दिसलं तर पंप नाही लावणार. नाहीतर कळ दाबणार. पोरं तहानेने मरतायत तिकडे." पोरं म्हणजे कोवळे वेल.

त्यांचंही खोटं नव्हतं. हेच तर कठीण होतं. पाणी दिलं आणि बुरशी असली, तर सात वाड्या गेल्या. पाणी दिलं नाही आणि बुरशी नसली, तर सात वाड्यांची नवी लावण तिच्या एका शब्दापायी वाळली.

आणि आता तिसरी वाटी तिच्यावरच उलटली होती.

कृतिकाने एकेक पाऊल मागे जात हिशोब लावला. वाट्या नव्या, उकळलेल्या. कात्री ज्योतीवर धरलेली. पानं तिने मुद्दाम सिप्रियन अंकलच्या वाडीतून आणली होती. साती वाड्यांत तेवढीच एक वाडी, जिथे एकही वेल मेला नव्हता. केळीच्या पानात गुंडाळून त्यांनीच दिली होती, वर टोमणा मारून. "ने हो. बूटवाल्याची पानं आहेत, काकाला सांगू नको. विटाळ होईल त्याला."

म्हणजे सिप्रियन अंकलच्याच पानांत रोग होता? की उकळलेलं पाणी नीट उकळलं नव्हतं?

"आई, त्या दिवशी पानं आणून मी इथे ठेवली. मग आंघोळीला गेले. तू हात लावलेलास?"

"मी कशाला लावू?" सावित्री म्हणाली. मग हातातलं पान चवडीवर ठेवता ठेवता थांबली. "शिपडलं फक्त."

"काय शिपडलंस?"

"पाणी गं! पान कोरडं ठेवतात का कधी? कोमेजलेली दिसली, म्हणून कळशीतलं चार थेंब शिपडलं. सवयच हाताला."

"कळशीतलं म्हणजे नळाचं?"

"नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. पानावर मी बावखलाचंच घालते." सावित्रीचा आवाज बारीक झाला. "चुकलं का काही?"

 कृतिकाला आधी राग आला आणि मग रागाच्या पाठोपाठ, पायरी चुकल्यावर जीव दचकतो तसा, दुसराच विचार आला. उकळलेलं पाणी निर्दोष. पानं निरोगी वाडीतली. तिसऱ्या वाटीत बाहेरून आलेली गोष्ट एकच, आईचे चार थेंब. बिघडलेली वाटीच बावखलाकडे बोट दाखवत होती.

पण डागावरून काय कळतं? डाग कशानेही पडतो. तळ्याच्या पाण्यात सडक्या पाल्यावर जगणाऱ्या साध्या बुरश्या ढिगाने असतात, त्या कुणाचं काही बिघडवत नाहीत. आत कोण बसलंय ते बघायला हवं होतं.

सूक्ष्मदर्शक जुना, कारखान्याने मोडीत काढलेला. त्याचा दिवा केव्हाच गेलेला, म्हणून खालच्या आरशाने खिडकीतला उजेड वर फेकावा लागे. कृतिकाने डागाच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा कापला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वर पातळ काच हलकेच टेकवली. दहाचं भिंग लावलं. डोळा लावला.

आधी नुसतं हिरवं धुकं. मग पानाच्या पेशी, एकाला एक लागून, कौलारू छपरासारख्या. कडेने बाहेर आलेले धागे, काचेसारखे, मध्ये कुठेही गाठ नाही, आडवी भिंत नाही. तिने पट्टी केसभर सरकवली.

साध्या तळबुरशीच्या बियांच्या थैल्या लांबट असतात, काडीसारख्या. तिने मनातल्या मनात काड्याच मागितल्या. काडी दिसू दे. एकच काडी.

धाग्याच्या टोकाला लिंबू होतं.

बारीक, पारदर्शक, आत दाणे दाणे भरलेलं आणि टोकाला लिंबाला असतं तसं बोंडूक. त्याच्या शेजारी दुसरं. त्याच्यापलीकडे पाच एकत्र, झाडाला लागल्यासारखी. बुडकुजीच्या थैल्या अशाच असतात.

"दिसलं?" सावित्री मागे येऊन उभी होती.

"दिसलं. पण काकांना हे लिंबू दाखवून काय उपयोग? म्हणतील, लिंबू आहे, असू दे." कृतिकाने घड्याळ बघितलं. अडीच. "हलताना दाखवायला हवं. आई, फ्रिजमधलं पाणी दे. उकळून बाटलीत भरलेलं. कळशीला हात लावू नकोस, माझी शपथ."

पुस्तकात लिहिलं होतं ते तिला पाठ होतं. या थैल्यांना गार पाण्याचा चटका बसला की अर्ध्या तासाने त्या फुटतात आणि आतलं बी पोहत बाहेर पडतं. बी पोहतं, म्हणून तर ही बुरशी पाण्यातून येणारी वैरीण. तिने काचेच्या कडेने गार पाण्याचा थेंब सोडला आणि डोळा लावून बसली.

पंधरा मिनिटं. लिंबू गप्प. वीस. बाहेर कुणीतरी नारळाच्या झावळ्या ओढत गेलं. सावित्री काही न सुचून गुणगुणू लागली. लहानपणापासून कृतिका ऐकत आलेली तीच ओवी:

पाय धुवुनी ये रे दादा, वेल माझी सोवळी,
उन्हा-वाऱ्यापासुन जपली, सावलीत ही कोवळी.

"आई, जरा थांब ना."

सावित्री थांबली. पाऊण तास झाला. उजेड सरकला, तसा आरसा फिरवावा लागला. पाणी सुकू नये म्हणून आणखी एक थेंब. लिंबू मख्ख. कृतिकाच्या मानेतून कळ निघाली. कदाचित थैल्या जुन्या असतील, मेलेल्या. कदाचित खोलीच फार तापली असेल. सव्वातीनला अंगणात चपला वाजल्या.

"झालं का गं संशोधन?" जगन्नाथकाका दारात. पांढरा सदरा, हातात पंपघराची किल्ली, दोऱ्यात ओवलेली. "तिकडे सुधाकरने नारळ सोलून ठेवलाय. सगळी जमतायत."

"बसा काका. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं करता करता चार वाजतील." तरी ते बसले. सावित्रीने डोक्यावरून पदर घेतला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. काकांनी तिसऱ्या वाटीकडे बोट केलं. "ही चांगल्या पाण्याची ना? हिच्यात पण डाग? मग संपलं की! तुझ्या चांगल्या पाण्यात पण आहे, तळ्यात पण आहे. उद्या म्हणशील, देवाच्या तीर्थात पण आहे."

"त्या पानांवर आईने बावखलाचं पाणी शिपडलं होतं."

"किंवा त्या सिप्रियनच्या पानातच किडा असेल. बूट घालून पानवेलीत शिरतो. मी वर्षभर त्याच्या वाडीच्या दाराच्या झापाला शिवलो नाही, ते उगाच? रोग येणार तो अशाच ठिकाणी..."

"काका," कृतिका म्हणाली. तिचा डोळा भिंगावरच होता. "इकडे या. आत्ता या. टेबलाला धक्का लावू नका."

लिंबातले दाणे हलू लागले होते. भांड्यात पाण्याला आधण यावं तसे आतल्या आत वळवळत होते.

काका उठले. वाकले. "माझ्या पापण्याच दिसतायत."

"चष्मा काढा. दुसरा डोळा मिटू नका. मधोमध बघा."

"काळं... हां. लिंबू आहे एक."

"बघत राहा."

 कृतिकाला आता काही दिसत नव्हतं, फक्त काकांचा उघडा मोकळा डोळा दिसत होता, टेबलाच्या लाकडाकडे लागलेला, काहीच न बघणारा. मग तो डोळा मोठा झाला.

"अगं," काका पुटपुटले. "फुटलं. तोंड फुटलं त्याचं." जरा वेळाने, "निघाले. एक, दोन... अगं किती! हे... हे धावतायत. जिते आहेत हे!"

"त्यातलं प्रत्येक बी एक मूळ शोधतं, काका. मुळाचा वास लागतो त्याला. चिकटलं की कवच करतं आणि आत शिरतं."

काकांनी डोळा काढला नाही. कितीतरी वेळ काढला नाही. मग सावकाश ताठ झाले, चष्मा घातला आणि कृतिकाने ज्याची धास्ती घेतली होती, तोच प्रश्न विचारला.

"बरं. आहे पाण्यात, मानलं. पण पंप जूनपासून बंद. पाट कोरडे. मग बावखलातलं पाणी सावित्रीच्या वेलीपर्यंत गेलं कसं? उडून?"

 तीन दिवस कृतिका हेच टाळत आली होती. पावसाच्या पाण्याने? पण सावित्रीची वाडी बावखलापेक्षा उंचावर.

"सांग ना. कसं?" काकांच्या आवाजात सुटका होती. हातातली किल्ली पुन्हा हलू लागली.

"पायांनी," सावित्री म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. सावित्री भिंतीला टेकून उभी होती, स्वतःच्या पावलांकडे बघत.

"पहिला वेल मेला तो झापाजवळचा, दारातून शिरल्या शिरल्या. मग त्याच्या शेजारचा. मग मधल्या वाटेच्या दोन्ही अंगाचे. पाटाकडचा एकही नाही, कडेचा एकही नाही. मी रोज बघते, पण कळलं नाही मला." ती थांबली. "वाडीत शिरायच्या आधी बावखलावर पाय धुते मी. घोट्यापर्यंत, चोळून चोळून. आणि ओल्या पायांनी आत. वीस वर्षं."

"अगं, पाय धुणं म्हणजे..." काका म्हणाले. "ते तर वेलीच्या भल्यासाठी. आपल्या आज्या-पणज्यांपासून..."

"तेव्हा पाण्यात हे नसेल, दादा. आता आहे."

कृतिकाने वही ओढली.  "काका, आणखी कुणाकडे वेल मेलेत? खरं सांगा. लपवू नका."

काकांनी किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळला. "सुधाकरकडे सहा-सात. बळवंतांकडे तीन. माझ्याकडे..." घसा खाकरला. "माझ्याकडे अकरा. मी उपटून टाकले. बोललो नाही."

"झापाजवळचे?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि बाकी दोघांकडे?"

"एकेक-दोनदोन असतील. फक्त सिप्रि..."

तिथेच ते अडखळले. कृतिका बोलणार होती, पण तिने ओठ मिटून घेतले. काही गोष्टी दुसऱ्याने सांगायच्या नसतात. सिप्रियन गमबूट घालून वाडीत जायचा आणि बूट स्वतःच्या बोअरिंगच्या नळावर धुवायचा. बावखलावर पाय धुवत नाही, वेलीचा मान ठेवत नाही, म्हणून काकांनी भर सभेत त्याला बोल लावले होते आणि त्याच्याकडे जाणं सोडलं होतं. बाकी सहा वाड्यांत मात्र जगन्नाथकाका रोज सकाळी एक फेरी मारत. सगळ्यांत मोठे म्हणून. कुणाचा वेल कसा चढलाय, कुणाचं सावलीचं छप्पर विरळ झालंय, बघायला. प्रत्येक वाडीच्या आधी बावखलावर जाऊन, अनवाणी, पाय धुवून.

काकांनी तांब्या उचलला, न पिता खाली ठेवला. किल्ली मुठीत धरली आणि बाहेर पडले.

"काय करणार गं हे?" सावित्रीने विचारलं.

"माहीत नाही."

"जगन्नाथदादा मान खाली घालणारे नव्हेत. लोकांपुढे तर नाहीच."

कृतिका चप्पल न घालता धावत सुटली. मग अर्ध्या वाटेतून परत आली, चप्पल घातली आणि पुन्हा धावली.

बावखलावर पंचवीस-तीस माणसं होती. काठच्या दगडी पायऱ्यांवर बायका-पुरुष पाय धुवत होते, एकमेकांवर पाणी उडवत होते. सुधाकर, काकांचा मावसभाऊ, घोट्याएवढ्या पाण्यात नारळ घेऊन उभा. सिप्रियन जरा दूर, चिंचेखाली, गमबुटात.

"ये ये जगूभाऊ," सुधाकर ओरडला. "काय म्हणते आपली पापडवाली? लागला का निकाल?"

हशा पिकला. काका हसले नाहीत. सरळ पंपघराशी गेले, किल्ली लावली, दार उघडलं. कृतिका दोन पावलं पुढे झाली. आता ओरडावं का? आडवं जावं का? आतून खट्ट असा आवाज आला. तिने डोळे मिटले.

मोटरीची घरघर आली नाही.

काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पांढरे फ्यूज होते. तिन्ही. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकले.

"पाळी होणार नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?" सुधाकर पाण्यातून पुढे आला. "माझे चारशे वेल मान टाकून पडलेत. पोरीच्या नादाला लागून वाड्या वाळवणार का? मग काय, नायगावसारखे टॉवर बांधू इथे?"

"बावखलात रोग आहे. बुडकुज. मी डोळ्यांनी बघितली, पोहताना."

"डोळ्यांनी! मोतीबिंदूच्या?"

"एक डोळा झालाय ऑपरेशनचा. त्याच डोळ्याने बघितलं." काकांचा आवाज चढला आणि मग खाली आला, इतका खाली की मागचे पुढे सरकले. "ऐका. तुमच्या वाड्यांत जे वेल मेले, ते पाटाने नाही मेले. पाट कोरडे आहेत. हे पाणी पायाला लागून गेलं. आणि पाय... सगळ्यांच्या वाडीत रोज जाणारे पाय कुणाचे?"

 एका बाईने पाण्यातला पाय हळूच वर घेतला.

"माझे," काका म्हणाले. "मी नेलं. घरोघर."

चिंचेखालून सिप्रियन पुढे आला. कृतिकाला वाटलं, आता वर्षभराचं उट्टं निघणार. त्याने तोंडही तसंच उघडलं होतं. पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं बोलणं वळलं.

"जगन्नाथभाऊ, माझं बोअरिंग दोन तास गोडं चालतं. मग खारं होतं. सकाळचे दोन तास कोवळ्या वेलांना घ्या. बादलीने घालायचं, पाटाने नाही. पुरणार नाही सगळ्यांना, आधीच सांगतो."

"आणि मोठ्या वेलांचं?" कुणीतरी विचारलं.

"झापाजवळचे आणि वाटेवरचे उपटून जाळायचे," कृतिका म्हणाली. तिला वाटलं होतं तितका आवाज फुटला नाही, पण सगळे तिच्याकडे बघत होते. "आजारी आणि त्याच्या शेजारचे चांगलेही. राहिलेल्यांच्या बुडाशी मोरचूद-चुन्याचं औषध ओतायचं. काही वाचतील. किती, ते मी सांगू शकत नाही."

"चांगले पण?" सुधाकरने नारळ पायरीवर आपटल्यासारखा ठेवला. "मी माझ्या वाडीत जाऊन आधी बघतो. मग ठरवू कोण खरं." आणि तो तरातरा निघाला, ओल्या पायांनी, पायवाटेच्या धुळीत काळे ठसे उमटवत.

"सुधाकर!" काका असे ओरडले की चिंचेवरचे कावळे उडाले. "थांब! पाय!"

सुधाकर थांबला. एक पाऊल उचललेलं, तसंच. त्याने खाली बघितलं. बोटांतून पाणी निथळत होतं. त्याच्या वाडीचा झाप चार हातांवर होता.

"काय करू मग?" तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

काकांनी कृतिकाकडे पाहिलं.

"वाळू द्या," ती म्हणाली. "उन्हात. पूर्ण कोरडे, बोटांच्या बेचक्यांसकट. चिखल राहू देऊ नका. कोरड्यात ते बी तगत नाही."

सुधाकर होता तिथेच बसला. पाय पुढे पसरले. मग एकेक करून बाकीचे बांधावर बसले, बायका साड्या पोटऱ्यांपर्यंत वर घेऊन, माणसं लेंगे दुमडून. जगन्नाथकाका सगळ्यांत शेवटी टेकले, सिप्रियनच्या गमबुटांशेजारी. पश्चिमेकडून कलतं ऊन येत होतं. पन्नास-साठ पावलं त्या उन्हाकडे तळवे करून ओळीने पसरली होती आणि पलीकडे हाकेच्या अंतरावर ज्याची त्याची वाडी दिसत असूनही कुणी उठायचं नाव घेत नव्हतं.